होणारी जाऊ कर्णबधिर आहे, घरात आम्ही काय काय शिकून घ्यावं?

मुलुंडची_सून

नमस्कार मंडळी. इथे मी एरवी नुसती वाचत असते. आज धागा काढतेय, कारण ओळखीत विचारण्यासारखं कुणी नाही.

माझ्या धाकट्या दिराचं लग्न ठरलंय. मुलगी जन्मापासून कर्णबधिर आहे. दोघं ठाण्याला एकाच बँकेच्या शाखेत आहेत, तिथेच जमलं. ती बी.कॉम. झालीय, कानामागे मशीन लावते, थोडं बोलते. पण तिचं बोलणं आम्हाला पटकन उमगत नाही आणि आमचं तिला कितपत पोचतं तेही समजत नाही. दीर तिच्याशी हातांनी बोलतो, तिच्याकडूनच शिकला.

घर मुलुंड पूर्वेला. सासू-सासरे, आम्ही दोघं, माझा चौथीतला मुलगा आणि दीर. लग्नानंतर ती दोघं इथेच राहणार आहेत. परवा तिच्या घरचे आले होते. सगळे तिच्याशी मोठमोठ्याने बोलत होते, ती हसून मान हलवत होती. थोड्या वेळाने आम्ही आपापसात रंगलो आणि ती पोह्यांच्या बशीकडे बघत बसली. ते काही माझ्या डोक्यातून जाईना.

आणखी एक. तिने मला व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'ताई मी रविवार येणार आई भाजी आवड काय'. सासूबाईंनी वाचलं आणि दिराला हळूच विचारलं, 'बी.कॉम. नक्की झालीय ना रे?' त्यांच्या मनात वाईट नाही, काळजी आहे. पुढे बाळालाही असंच असेल का, हीसुद्धा काळजी आहे.

तर मशीन लावूनही का ऐकू येत नाही? मोठ्याने बोलावं की लिहून दाखवावं? हातांची भाषा मुंबईत कुठे शिकता येते आणि या वयात ती जमेल का? लग्न डिसेंबरात आहे. जे शिकायचं ते ती घरात यायच्या आधी शिकायला सुरुवात करावी असं मनात आहे.

गोरेगावकर

अभिनंदन! फार टेन्शन घेऊ नका. आमच्या आजोबांना शेवटी अजिबात ऐकू यायचं नाही. आम्ही उजव्या कानाशी जाऊन मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलायचो, त्यांना बरोबर कळायचं. हल्ली डिजिटल मशीन फार चांगली मिळतात, जरा महागातलं घ्या. बाकी खिशात वही-पेन ठेवा.

चिंचपोकळीकर

मुलुंडच्या ताई, माझे आई-वडील दोघंही जन्मापासून कर्णबधिर. मला आणि बहिणीला ऐकू येतं. तोंडातून शब्द फुटायच्या आधी मी हातांनी दूध मागायचो, असं आजी सांगायची. वडील गिरगावात एका छापखान्यात कंपोझिटर होते, आई घरी ब्लाउज शिवायची. त्या काळी कर्णबधिरांच्या शाळांतून मुलांना हेच शिकवून बाहेर काढायचे: छपाई, शिवण, सुतारकाम. तुमची होणारी जाऊ बँकेत काउंटरला बसते हे वाचून बरं वाटलं. सविस्तर लिहितो.

गोरेगावकरांनी आपुलकीने सांगितलंय, पण आजोबांचं वेगळं आणि हिचं वेगळं. आजोबांनी जन्मभर मराठी ऐकलेली होती. अर्धा शब्द कानावर पडला तरी उरलेला अर्धा डोकं भरून काढतं. जिने मराठी कधी कानाने ऐकलीच नाही तिच्याकडे ती शिल्लक नसते. ओरडून बोललं की तोंड वेडंवाकडं होतं, ओठ ओळखू येत नाहीत आणि समोरच्याला एवढंच दिसतं की हे माणूस आपल्यावर चिडलंय. माझ्या आईला वाण्याच्या दुकानात रोज कुणीतरी चिडलेलं भेटायचं.

मशीनचं सांगतो. जन्मजात बहिरेपणात बहुतेक वेळा दोष आतल्या कानात असतो, आवाजाचं संदेशात रूपांतर करणाऱ्या नाजूक पेशींमध्ये. मशीन आवाज मोठा करून आत पाठवतं, पण आतली यंत्रणाच खराब असेल तर तो मोठा आवाजही तसाच तुटका पोचतो. शाई फुटलेला मजकूर भिंगातून वाचावा तसं. अक्षर मोठं दिसतं, पण फुटलेलंच. शिवाय पंखा, मिक्सर, कुकरची शिट्टी, खालचा रस्ता, सगळंच मोठं होतं. म्हणून ती संध्याकाळी घरी आल्यावर मशीन काढून ठेवेल, तेव्हा 'एवढं महागाचं आहे तर लाव की' असं कुणी म्हणू नका. दिवसभर ओठ वाचून आणि तुकडे जोडून डोकं शिणतं. मशीनने हाक, हॉर्न, बेल कळत असेल, बोलण्याची चाल कळत असेल. शब्द कळतीलच असं नाही, आणि हे माणसागणिक वेगळं असतं. तिलाच विचारा.

ओठ वाचणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज न काढता म्हणा: मामा, बाबा, पापा. तिन्ही सारखेच दिसतात. क, ख, ग तर घशापाशी होतात, बाहेर काहीच दिसत नाही. म्हणजे ओठ वाचणारा माणूस निम्म्याहून जास्त अंदाजाने चालतो आणि अंदाज बांधायला त्याला विषय माहीत असावा लागतो. आता यात सासऱ्यांची मिशी धरा (असली तर), खिडकीकडे पाठ करून बसणं धरा, ज्याने चेहरा काळोखात जातो, आणि ओट्याकडे तोंड करून बोलणं धरा. आपल्या स्वयंपाकघरात निम्मं बोलणं पाठमोरंच चालतं. फोडणी देता देता 'अगं कोथिंबीर दे' म्हणालात तर ती तिच्यासाठी म्हटलीच गेली नाही. गॅस बारीक करा, वळा, नजरेला नजर द्या, मग बोला. नेहमीच्या चालीत, पूर्ण वाक्यात. एकेक शब्द तोडू नका, त्याने ओठांची लयच बिघडते.

तिचा मेसेज. तो वाचून मला माझ्या आईची चिठ्ठी आठवली, अगदी तशीच. ऐकू येणारं मूल शाळेत जायच्या आधी -ला, -ने, -ची, -त हे प्रत्यय कानाने हजारो वेळा गिळून बसलेलं असतं, त्याला ते कुणी शिकवत नाही. कर्णबधिर मुलाला तेच एकेक करून डोळ्यांनी पाठ करावं लागतं. आणि तिची खरी भाषा, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा, तिचं व्याकरण निराळं आहे. तिथे हे प्रत्यय नाहीतच. नातं दाखवायला जागा वापरतात, दिशा वापरतात, भुवया आणि चेहरा वापरतात. 'काय', 'कुठे' हे प्रश्नाचे हात, म्हणजे हातांच्या खुणा, बहुधा शेवटी येतात. आता 'आई भाजी आवड काय' पुन्हा वाचा. ते त्या व्याकरणात नीट बसलेलं वाक्य आहे. तिने मराठीत, म्हणजे तिच्या दुसऱ्या भाषेत, बी.कॉम. केलंय. सासूबाईंना हे असंच सांगा. आणि उत्तर लिहिताना साधी छोटी वाक्यं लिहा, म्हणी-वाक्प्रचार सध्या नकोत.

आता मला जे सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. बशीकडे बघत बसलेली ती मुलगी तुमच्या डोक्यातून जात नाही म्हणालात. ते जाऊ देऊ नका.

आमच्याकडे दिवाळीत सगळे मामाकडे जमायचे, दादरला. फराळाची ताटं, हसणं, चिडवाचिडवी. आई प्रत्येक हशाच्या वेळी शेजारच्याचा हात धरून विचारायची, काय झालं? आणि प्रत्येक जण तेच म्हणायचा, 'काही नाही गं, नंतर सांगते.' तो नंतर कधी आलाच नाही. कुणाच्याही मनात पाप नव्हतं. आईवर जीव होता सगळ्यांचा, तिच्या ताटात चकली आधी पडायची. पण एका वर्षी मोठ्या मामाच्या हृदयाच्या ऑपरेशनचं त्याच खोलीत, आईच्या समोर बसून ठरलं. तारीख, पैसे, कोण थांबणार, सगळं. आईला कळलं ते मामा दवाखान्यात गेल्यावर. सख्खी बहीण. परत येताना बेस्टच्या बसमध्ये ती मला विचारत राहिली, कोण काय म्हणालं, कधी म्हणालं, मामा स्वतः काय म्हणाला. मी आठवेल तसं हातांनी सांगत होतो आणि अख्खी बस आमच्याकडे बघत होती.

म्हणून मी म्हणतो, ताई, बाकी काही नाही जमलं तरी तुमच्या घरातून 'नंतर सांगते' हे दोन शब्द हद्दपार करा. तेव्हाच सांगा, अर्धंमुर्धं सांगा, मोडकं सांगा, फोनवर टाइप करून सांगा. जोक फालतू असला तरी सांगा. फालतू आहे की नाही ते तिला ठरवू द्या. आणि ती जेवत असताना बोलायचं असेल तर वेळ द्या: हातांनी बोलणाऱ्याला घास आणि बोलणं एकदम होत नाही. पोळ्या लाटतानाही तेच. लाटणं खाली ठेवल्याशिवाय ती उत्तर देऊ शकत नाही.

दुसरं, तुमच्या चौथीतल्या मुलाबद्दल. तो सगळ्यात आधी शिकेल, पोरं उचलतात. मग मोठी माणसं आळसावतात: 'बाळा, काकूला विचार', 'बाळा, काकूला सांग'. तेवढं करू नका. मी लहान असताना डॉक्टरांनी आईच्या गर्भाशयाच्या पिशवीबद्दल मला सांगितलं आणि म्हणाले, आईला समजाव. मला स्वतःलाच समजलं नव्हतं. दवाखाना, बँकेचं कर्ज, नवरा-बायकोचं भांडण, यात पोराला मध्ये घालू नये. आणि दिरालाही चोवीस तासांचा दुभाषी करू नका, त्यालाही शांतपणे जेवायचं असतं.

घराचं सांगतो. आमच्या चाळीत लाकडी तक्तपोशी होती. पाय आपटला की कंप पोचायचा आणि वडील वळायचे. पलीकडच्या खोलीतल्या काकूही आईला तशीच हाक मारायच्या. टॉवरमध्ये राहायला आलो, खाली फरशी आणि काँक्रीट, पाय आपटून आपलीच टाच दुखायची. मग दिव्याचं बटण दोनदा बंद-चालू करायचं असं ठरलं. तुम्हीही तेच करा. समोरून हात हलवा, किंवा खांद्यावर हलकी थाप. पाठीमागून एकदम धरू नका, दचकायला होतं. दाराच्या बेलला दिवा जोडून घ्या, साधा इलेक्ट्रिशियन करून देतो. हॉल आणि स्वयंपाकघर, दोन्हीकडे दिवा हवा. घरी एकटी असताना दाराशी कोण आलंय ते तिला स्वतःला कळायला हवं. हे लग्नाच्या आधी करून ठेवा.

भाषा कुठे शिकायची? वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून. श्रवणचाचणीपासून दुभाष्यांच्या पदविकेपर्यंत सगळं तिथे चालतं. तिथे चौकशी करा. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ साली सुरू झालं. त्यांचा १०,००० शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश आहे, 'साइन लर्न' नावाचं ॲपही आहे, फुकट. इंटरनेटवर शोधताना एक जपा: अमेरिकन सांकेतिक भाषा समोर येते, ती निराळी. ओळखायची सोपी खूण म्हणजे त्यांची ए-बी-सी एका हाताची, आपली दोन हातांची. पण माझं ऐकाल तर पहिली गुरू तीच करा. मुंबईचे काही हात वेगळे आहेत, एका शाळेचे दुसऱ्या शाळेहून वेगळे असतात. ती जे वापरते ते आधी शिका: पाणी, जेवलीस का, थांब, परत सांग, कळलं नाही. 'कळलं नाही' हा हात सगळ्यात जास्त लागतो.

वयाचं म्हणाल तर माझी आजी, वडिलांची आई, पन्नाशीनंतर सुनेसाठी शिकली. मुलाशी ती जन्मभर खाणाखुणांवर भागवत आली होती, कारण शाळेने तिला बजावलं होतं की हातांनी बोलाल तर मुलगा बोलायला शिकणार नाही. ही समजूत फार जुनी. १८८० साली मिलानच्या शिक्षक-परिषदेत ठरलं की शाळांतून हात बंद आणि तोंडी बोलणंच शिकवायचं, आणि जगभर तेच पसरलं. वडिलांच्या शाळेत हात केले की पट्टी बसायची. मुलं वसतिगृहात दिवे जायच्या आधी पोटभर गप्पा मारून घ्यायची. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला. १३० वर्षांनी. वडिलांना मी ते दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि कापून ठेवलं.

आजी मात्र शिकली. सुनेशी बोलता बोलता तिला स्वतःचा मुलगा नव्याने कळला, हे तिनेच मला सांगितलं.

दादर_पश्चिम

मी स्वतः कर्णबधिर. सहाव्या वर्षी मेंदूज्वर झाला, त्यात ऐकणं गेलं. तोवर मराठी पक्की झाली होती म्हणून लिहिणं सोपं जातं. फोर्टमध्ये सरकारी कार्यालयात आहे.

चिंचपोकळीकरांचं वाचलं. माझं थोडं जोडते.

मान हलवणं म्हणजे कळलं असं नाही. आम्ही मान हलवतो, कारण चौथ्यांदा 'काय?' विचारलं की समोरचा वैतागतो. त्याचा वैताग चेहऱ्यावर लगेच दिसतो आणि चेहरा आम्ही सगळ्यांपेक्षा चांगला वाचतो. तेव्हा 'कळलं का?' विचारू नका. 'मग किती वाजता निघायचं?' असं विचारा. उत्तरावरून समजेल.

एकदा कळलं नाही तर तेच वाक्य तीनदा म्हणू नका. शब्द बदला. 'पोळी' ओठांवर 'बोली'सारखी दिसते. 'चपाती' म्हणा.

विषय बदलला की सांगा. 'आता हॉलचं बोलतोय' एवढं एक वाक्य. मी भाजीच्या भावात असते आणि तुम्ही तिघं लग्नाच्या हॉलवर पोचलेले असता.

एका वेळी एकाने बोला. कोण बोलतंय तिकडे बोट करा. गोल टेबल असेल तर उत्तम. नसेल तर तिला अशा जागी बसवा की सगळ्यांची तोंडं दिसतील आणि उजेड तिच्या पाठीमागून तुमच्या चेहऱ्यावर पडेल. टीव्ही बंद ठेवा. मशीन लावणाऱ्याला टीव्हीचा त्रास तुमच्यापेक्षा जास्त होतो.

आकडे, वेळ, पत्ता, माणसांची नावं नेहमी लिहून द्या. 'सात' आणि 'साठ' ओठांवर वेगळे काढता येत नाहीत.

फोनवर 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' नावाचं ॲप आहे, बोललेलं लिहून दाखवतं, मराठी समजतं. एक माणूस जवळ बसून बोलत असेल तर बरं चालतं. पाच जण एकदम बोलले की चिवडा होतो.

दुभाषी मध्ये असेल तर माझ्याकडे बघून बोला. 'तिला विचारा तिला चहा हवा का' हे मला दिसतं.

आणि तिला तिच्या माणसांत जाऊ द्या. मुंबईत आम्ही लोकलच्या दिव्यांग डब्यात भेटतो, स्टेशनच्या पुलावर भेटतो. स्टेशनवर गाडी बदलल्याची घोषणा आम्हाला ऐकू येत नाही, लोक पळाले की आम्ही पळतो. पण गर्दीत, गोंगाटात, या फलाटावरून त्या फलाटावर गप्पा मारायच्या तर त्या आम्हीच मारू शकतो. लग्नानंतर ती शनिवारी उशिरा आली तर समजून घ्या. आठवडाभर ओठ वाचले की दोन तास नुसतं बोलावंसं वाटतं.

आई_ठाणे

माझ्या मुलीला कॉक्लियर इम्प्लांट आहे, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवलेलं यंत्र. आता ती सातवीत आहे. दोन गोष्टी लिहिते.

सगळेच कर्णबधिर सांकेतिक भाषा वापरतात असं नाही. माझी मुलगी लहानपणी ऑपरेशन आणि नंतर कित्येक वर्षांची स्पीच थेरपी यावर बोलते, मराठी शाळेत जाते. आता ती स्वतःहून हातांची भाषाही शिकतेय आणि मी तिला अडवत नाही, उलट सोबत शिकतेय. इथे हात विरुद्ध बोलणं असं भांडण बरंच बघितलंय. तुमची जाऊ थोडं बोलते म्हणालात. तिला बोलायला आवडत असेल तर तिच्या आवाजाची सवय करून घ्या, रोज ऐकलं की हळूहळू उमगतो. घाईने तिचं वाक्य पुरं करू नका.

बाळाबद्दल. जन्मजात बहिरेपणात निम्म्याच्या आसपास किंवा जास्त वेळा कारण जनुकीय असतं, पण त्यात बहुतेक प्रकार असे की आई आणि वडील दोघांकडून तीच त्रुटी आली तरच बाळाला येते. म्हणून दोघंही कर्णबधिर असलेल्या जोडप्यांचीही बहुतेक मुलं ऐकू शकणारी असतात, चिंचपोकळीकर आणि त्यांची बहीण हेच उदाहरण. नक्की सांगायचं तर जेनेटिक समुपदेशन घेता येतं, पण तो निर्णय फक्त त्या दोघांचा. सासूबाईंनी साखरपुड्यात विषय काढू नये एवढं प्रेमाने सांगा. बाळ झाल्यावर लगेच ओएई नावाची श्रवणचाचणी करून घेता येते, झोपलेल्या बाळाच्या कानात छोटा प्रोब ठेवतात, दुखत नाही. शंका आली तर बेरा करतात, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी चाचणी. लवकर कळणं महत्त्वाचं. माझ्या मुलीचं आम्हाला वेळेत कळलं, म्हणून पुढचं सगळं करता आलं.

मुलुंडची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. चिंचपोकळीकर, तुमचं मामाकडच्या दिवाळीचं मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी दिराला म्हणाल्या, 'मला "जेवलीस का" कसं करायचं ते दाखव.' आरशासमोरचं मामा-बाबा-पापा मुलाने शाळेत नेलंय, सगळा वर्ग करतोय.

बेलच्या दिव्याचं उद्या इलेक्ट्रिशियनला विचारते. आता लग्नाचं सांगाल का? हॉल ठरलाय, तिच्या बाजूचे बरेच मित्रमैत्रिणी कर्णबधिर असतील. मंगलाष्टकांचं काय करायचं?

चिंचपोकळीकर

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाट मध्ये, मान खाली, भोवती गर्दी. कर्णबधिर नवरीला काहीच कळत नाही, अक्षता अंगावर पडल्या की समजायचं एक कडवं संपलं. माझ्या आईचं तसंच झालं होतं. बहिणीच्या एका मैत्रिणीच्या लग्नात मात्र फार छान केलं. मंगलाष्टकं आधीच छापून तिला दिली, अर्थासकट. दुभाषी नवरीच्या बरोबर समोर, नवऱ्याच्या मागे जरा उंचावर उभी राहिली आणि अंतरपाट खांद्याच्या उंचीवरच धरला, म्हणजे नवरीला तिचे हात दिसत राहिले. 'सावधान' आलं की दुभाषीचे दोन्ही हात वर, आणि त्या बाजूचे सगळे मित्र हात वर करून पंजे हलवायचे. कर्णबधिर मंडळी टाळ्या अशाच वाजवतात. दुसऱ्या कडव्यापासून आमच्या बाजूचे काका-मावश्यासुद्धा तेच करायला लागले. भटजींना आधी सांगून ठेवलं होतं, ते प्रत्येक कडव्यानंतर थांबायचे.

उखाणा तिला हातांनी घेऊ द्या. फार सुंदर होतो. दिराने तोंडाने सांगावा, तिचं झाल्यावर, मध्ये नाही.

व्यवस्थेचं: दुभाषी दोन सांगा, एकाने अर्धा तास केलं की हात आणि डोकं दोन्ही थकतं, मग दुसऱ्याने घ्यायचं. मुंबईत चांगले दुभाषी मोजकेच आहेत आणि डिसेंबर लग्नसराईचा, तेव्हा पत्रिका छापायच्या आधी त्यांची तारीख घ्या. मानधन विचारून ठरवा, पाहुणे म्हणून बोलावून फुकट करून घेऊ नका, आणि त्यांच्या जेवणाची वेळ वेगळी ठेवा. फोटोग्राफरला आत्ताच बजावा की हॉलचे दिवे मालवून नवरा-नवरीवर फोकस मारायचा नाही. दुभाष्याच्या चेहऱ्यावर आणि हातांवर पूर्ण वेळ उजेड हवा, आणि मागे झगमगता पडदा नको, साधा गडद चालेल. तिच्या मित्रांची टेबलं स्टेजच्या समोर, खांब मध्ये येणार नाही अशी लावा. पंगत असेल तर त्यांना समोरासमोर बसवा, एका ओळीत नको.

तारीख कळवा. दुसरा दुभाषी मिळाला नाही तर आम्ही बहीण-भाऊ येतो.